बारा हजार आठशे पासष्ट कॉप्या

"खुर्ची कशाला धरली ह्याच्यात?" अंबिकानं विचारलं, आणि संगमेश्वरच्या हातातला चहा बशीत सांडला. तसं बघायला गेलं तर प्रश्नात काय होतं? रविवारची सकाळ, नांदेडच्या तरोडा नाक्याजवळचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. बायको शाळेची प्रश्नपत्रिका छापायला नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसली होती आणि समोर उघड्या पडलेल्या तक्त्यातली शेवटची ओळ तिनं वाचली. खुर्ची, सहा हजार नऊशे, भागिले दोनशे तीस, म्हणजे तीस कॉप्या. त्याखाली ठळक अक्षरांत एकूण: बारा हजार आठशे पासष्ट. आता ही खुर्ची तिनंच घेतलेली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा ह्या घरात गेमचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. "बसूनच केलं ना काम," तो म्हणाला, "म्हणून धरली." अंबिका हसली. म्हणाली, "मग पंखा पण धरा. आणि दोन वर्षं माझी टकळी ऐकली त्याचे पण काहीतरी लावा." तो हसला नाही. हसणार कसा, पंख्याचा विचार त्यानं गुरुवारीच करून ठेवला होता. पंख्याचं बिल कुठं ठेवलंय हेसुद्धा त्याला ठाऊक होतं.

हिशेब तसा सोपा होता. संगमेश्वरनं पुण्यातली नोकरी सोडून नांदेडला येऊन एक व्हिडिओ गेम केला होता, 'पाणाड्या' नावाचा. तळहातावर नारळ आडवा धरून एक म्हातारा कोरड्या गावातनं चालतो, खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, मग तिथं खोदायचं. संपली गोष्ट. ना बंदुका, ना मारामारी. चित्रं अंबिकानं काढली, बाकी सगळं त्यानं. इंटरनेटवरच्या मोठ्या दुकानात तो विकायला ठेवला. दुकान आपला तिसरा हिस्सा कापून घेतं, मग टॅक्स, मग सेलमधली सूट, मग दोन तासांच्या आत गेम परत करणारी माणसं. असं सगळं वजा जाता एका कॉपीमागं हातात पडायचे दोनशे तीस रुपये. खर्च झाला होता, भाषांतरं आणि जाहिरात धरून, वीस लाख सत्तर हजार. म्हणजे नऊ हजार कॉप्या खपल्या की खर्च निघाला, आणि नऊ हजार एकावी कॉपी ही नफ्याची. शाळेतल्या पोराला येईल असं गणित. पण पहिले नऊ हजार दिवाळीतच पार झाले, तेव्हा त्या आकड्याकडं बघता बघता संगमेश्वरनं तक्ता उघडून आपली स्वतःची सव्वीस महिन्यांची मजुरी त्यात घातली. झाले अकरा हजार दोनशे एकसष्ट. शिवरात्रीला तेवढे खपले, तर त्यानं अंबिकाची मजुरी घातली. वैशाखात तेही भरत आले, तर कॉम्प्युटर. आणि आता बारा हजार आठशे अठ्ठावन्न खपलेल्या असताना खुर्ची. सात कॉप्या उरल्या होत्या फक्त. मायला, सात म्हणजे एका दिवसाचं काम. जगातले सगळे गेम करणारे हा आकडा कधी येतो म्हणून देव पाण्यात घालून बसतात, आणि हा गडी आकडा जवळ आला की त्याला हातानं पुढं ढकलत होता.

मजुरी धरायची ही गोष्ट अप्पांची. अप्पा म्हणजे त्याचे वडील, सिद्रामप्पा, लातूरच्या मोंढ्यात तूर-हरभऱ्याची आडत. त्यांच्या तरुणपणी मोंढ्यातला भाव तोंडानं बोलत नसत. उपरण्याखाली दोघांचे हात, आणि बोटं दाबून आकडा. भोवती माणसांची ही गर्दी, पण दोन तळव्यांत काय चाललंय ते कुणाला कळायचं नाही. ती पद्धत कधीच बंद पडली, पण अप्पांच्या बोटांतनं ती गेली नाही. गेम निम्म्यावर आला असताना संगमेश्वर लातूरला गेला होता, तेव्हा जेवण झाल्यावर अप्पांनी त्याला गादीवर जवळ बसवलं, खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि म्हणाले, "सांग बघू. किती विकल्यावर मोकळा हुतास तू?" त्यानं अप्पांच्या तळव्यावर आधी पाच बोटं दाबली, मग चार. "शेकडा?" "हजार, अप्पा." अप्पांनी त्याचा हात सोडला नाही. बराच वेळ डोळे मिटून बसले, जणू गोणीत हात घालून दाणा बघून राहिलेत. मग म्हणाले, "आन् तुझी मजुरी धरलीस का?" "आपलीच कशी धरायची, अप्पा?" "येडा हायेस. जे धरत न्हाई माणूस, तेच बुडवतंय त्याला." तो तळवा कोरडा, खरबरीत आणि गरम होता. गेल्या वर्षभरात दुपारी कधी डोळा लागला की संगमेश्वरला उजव्या हातात तोच तळवा लागायचा. बोटं दाबायची, आणि किती दाबली ते मोजायच्या आत जाग यायची. मग तो हात मांडीखाली दाबून बसून राहायचा. सांगायला लाज कसली, त्याला भीती वाटायची.

भीती वाटायला आणखी एक कारण त्यानं स्वतःच्याच हातानं करून ठेवलं होतं. गेममध्ये नारळ उभा राहिला की म्हातारा बोलतो, "हाय. हितं हाय." तो आवाज अप्पांचा. हौसेनं दिला होता त्यांनी. मोबाइलसमोर पंधरा वेळा म्हणून दाखवलं आणि प्रत्येक वेळी शेवटी विचारलं, "आला का बरुबर?" ते प्रश्न त्यानं कापून टाकले आणि आवाज गेममध्ये बसवला. आता अप्पा नव्हते, आणि बारा हजार आठशे अठ्ठावन्न घरांत ते बोलत होते. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, त्यांना मराठीचा गंध नाही, पण हितं हाय म्हणताच ती खोदायला लागायची. कुणी एकानं दुकानाच्या पानावर लिहिलं होतं की त्या म्हाताऱ्याचा आवाज मला स्वयंपाकघरात भांडी घासताना ऐकू येतो. लोकांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. संगमेश्वरनं मात्र ते वाचल्यापासून कॉम्प्युटरचा आवाज बंद ठेवला. तरी रोज सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी तो जिथं असेल तिथनं किती खपल्या ते बघायचाच. भाजी घेताना बघायचा, रिक्षात बघायचा. आकडा एकानं वाढलेला असला की वाटायचं, आणखी एका घरात अप्पा जाऊन बसले, आणि तिथंही तेच 'आला का?' विचारून राहिलेत.

अकरा सातचं काय, तर ती वेळ त्या दिवसाची होती. गेल्या वर्षीचा श्रावण, गुरुवार, 'पाणाड्या' विकायला निघाला तो दिवस. अंबिका शाळेत होती. हा एकटा घरी, दार लावून, पडद्यासमोर. पहिल्या तासात एकोणीस. एकोणीस! नऊ हजारांतनं एकोणीस वजा करून उरलेल्याला तासांनी भागत बसला. मग कुठल्याशा माणसानं लिहिलं की गेम मधेच बंद पडतो. ती चूक शोधत असताना फोन वाजला. लातूरचा, पण भलताच नंबर. उचलला तर आई. मागं गलका, कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. आईनं ना कसा आहेस विचारलं, ना जेवलास का. म्हणाली, "संगू, सौदा सुटला का रं?" त्याला राग आला. आता हे कबूल करायलाच पाहिजे, राग आला, चांगला टाळूपर्यंत गेला. तो म्हणाला, "आई, ह्याचा सौदा सुटत नसतो! चालूच राहतो हे. मी कामात हाय, ठेव." आई तिकडनं, "बरं," म्हणाली. "कर बाबा काम." आणि ठेवला फोन. संगमेश्वरनं घड्याळात बघितलं, का तर चूक दुरुस्त व्हायला किती वेळ लागतोय ते बघायचं होतं. अकरा सात.

ह्यात आईनं काय केलं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. ज्या घरात मोंढ्यावरचं अन्न शिजतं त्या घरातल्या बाईलाच ते कळेल. उपरण्याखाली हात गेला की त्या माणसाला हाक मारायची नाही, असा त्यांच्या घरात रिवाज होता. भाव तुटतो, हात सुटतो, मग काय ते सांगायचं. थोरला बसवराज जन्मला तेव्हा निरोप्या दुकानाच्या पायरीवर तासभर उभा होता, अप्पांचा सौदा सुटेपर्यंत. आईला इतकंच ठाऊक होतं की आज धाकट्याचा मोठा सौदा आहे. तो सुटलाय का हे तिनं विचारलं, आणि पोरानं सांगितलं, सुटत नसतो. इकडं अप्पा पहाटेच छातीला धरून खाली बसले होते. बसवराज इंजेक्शनसाठी गावभर पळत होता आणि जाताना आईला सांगून गेला होता की संगूला फोन कर. तिचा मोबाइल घरी राहिलेला, म्हणून तिनं दवाखान्याच्या काउंटरवरनं केला. तीन वाजता बसवराजचा फोन आला, अप्पा गेले. संगमेश्वरच्या तोंडातनं पहिलं वाक्य निघालं ते हेच, "मला कुणी सांगितलंच न्हाई!" आणि ते तसं खोटंही नव्हतं.

खोटं झालं ते लातूरला पोचल्यावर. लिंगायताच्या घरात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, भिंतीला टेकवून बसवतात. कपाळाला भस्म, गळ्यात हार, डाव्या तळव्यात त्यांचं इष्टलिंग. संगमेश्वर दारातनं आत आला तर अप्पा समोर बसलेले, दुकानात गादीवर बसायचे तसेच, आणि क्षणभर त्याला खरोखर वाटलं की हे आता विचारणार, किती खपल्या? दोनशे चाळीस खपल्या होत्या. तो तसाच उभा राहिला. मागनं बसवराज म्हणाला, "आईनं सकाळी फोन केला न्हाई तुला?" सगळे वळून बघायला लागले. अप्पांची बहीण भामाबाई होती, दुकानातले लोक होते, आणि अप्पांच्या पायाशी आई. बोलायचं तरी काय होतं? केला होता, आणि मी ठेव म्हणालो? तो म्हणाला, "न्हाई." आईनं त्याच्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. भामाबाई म्हणाली, "पोराचं तोंड दावायचं राहिलं की गं वहिनी. येवढं सुचू नये?" आईनं पदर डोळ्यांवर ओढला आणि जे ओढलं ते ओढलंच. त्या दिवसापासून बसवराज आईशी कामापुरतं बोलू लागला. एका घरात राहून ताट समोर आलं की जेवायचा आणि उठायचा. वर्ष होत आलं. संगमेश्वरनं मनाशी ठरवलं होतं की एकदा नऊ हजार होऊ दे, गेम मोकळा होऊ दे, म्हणजे निदान त्या दिवशी काहीतरी कमावत होतो असं म्हणायला तोंड राहील, आणि मग जाऊन सांगू. मग नऊचे अकरा झाले. अकराचे बारा झाले.

"अहो," अंबिका म्हणाली. ती अजून पडद्याकडंच बघत होती. तक्त्यात कुठली ओळ कधी घातली त्याच्या तारखा असतात, त्या तिनं काढल्या होत्या. मास्तरीण ती, पोरांच्या उत्तरपत्रिकेतली खाडाखोड ओळखायची सवय. "हे दिवाळीतच फिटलं होतं. मला तुम्ही म्हणालात अजून चार महिने लागतील." तिनं बोट खालच्या ओळीवर नेलं. "माझी मजुरी घातलीत, लई बरं वाटलं असतं मला, पण ती घातलीत कधी? ज्या दिवशी आधीचा आकडा भरला त्या दिवशी. कॉम्प्युटर पण तसाच. तुम्हाला हे पुरं होऊच द्यायचं नाही." तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच वाईट होतं. "खर्च निघाला की लातूरला जाऊन एक बोलायचंय, असं म्हणून राहिलात वर्षभर. काय बोलायचंय एवढं?" त्यानं सांगायला तोंड उघडलं, आणि त्याला कळलं की पहिलं अंबिकाला सांगितलं तर ती समजून घेईल, पाठीवर हात ठेवील, आणि मग लातूरला जायची गरजच उरणार नाही. इतका तो स्वतःला ओळखत होता. म्हणून म्हणाला, "आधी तिथं बोलतो." तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग माउस सरकवून खुर्चीची ओळ खोडली. कॉम्प्युटरची खोडली. तिची आणि त्याची मजुरी खोडली. खाली नऊ हजार राहिले. "गुरुवारी अप्पांचं पुण्यस्मरण आहे," ती म्हणाली. "बसवराजभावजींनी पत्रिका पाठवलीय. आपण बुधवारीच जाऊ."

पुण्यस्मरणाला शंभरेक माणूस होतं. मांडवात अप्पांचा मोठा फोटो, बेलाचा हार, स्वामींची पाद्यपूजा झाली, मंत्र झाले, आणि पंगत बसली. संगमेश्वर हुग्गीची बादली घेऊन वाढत होता. ही गव्हाची गोड खीर अप्पांना लई आवडायची. समोर भामाबाई, पुढं दोघी-तिघी नात्यातल्या. आई खांबाजवळ उभी राहून कुणाला काय हवं ते बघत होती. भामाबाईनं फोटोकडं बघून सुस्कारा टाकला. "माझा भाऊ पोराच्या वाटंकडं डोळे लावून गेला. एक फोन झाला असता वेळेवर, तर काय बिघडलं असतं?" आईनं ऐकलं आणि ऐकलं नाहीसं करून पाण्याचा तांब्या उचलला. ते ऐकलं नाहीसं करणं इतकं सवयीचं होतं की संगमेश्वरला पहिल्यांदा कळलं, हे वर्षभर रोज चाललेलं आहे. पोळी लाटताना, देवळात, लग्नात. त्यानं बादली खाली ठेवली. "केला होता," तो म्हणाला. कुणाला नीट ऐकू गेलं नाही. मग तो मोठ्यानं म्हणाला, "आईनं फोन केला होता, आत्या. अकरा वाजून सात मिनिटांनी. मीच ठेव म्हनालो. तिला बोलूच दिलं न्हाई."

पंगतीतले हात थांबले. पलीकडच्या ओळीत बसवराज भात वाढत होता, तो तसाच भाताची परात धरून इकडं आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "वरीसभर?" तो म्हणाला. "वरीसभर तोंडाला कुलूप लावून बसलास? मी हिच्यासंगं," म्हणत तो आईकडं वळला. "आन् तू तरी! तू तरी बोलायचं हुतं न्हवं!" आईनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "वाढा आधी," ती म्हणाली. "पानं रिकामी हायत." आणि ती मागच्या दारानं परसात निघून गेली. बसवराज परात घेऊन उभाच राहिला, मग अंबिकानं ती त्याच्या हातातनं घेतली.

संगमेश्वर आईच्या मागं गेला. परसात भांड्यांच्या ढिगापाशी ती दगडावर बसली होती. त्याला वाटलं होतं, रडेल, नाहीतर शिव्या देईल, काहीही चाललं असतं. ती नुसती बसली होती. तो समोर उकिडवा बसला. "आई, चुकलं माझं."

"कशाला बोललास चारचौघांत?" ती म्हणाली. "माझ्यावर हुतं, ते बरं हुतं."

"तू काहीच केलं नव्हतंस आई."

"केलं की." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुला न्हाई ठावं. कुणालाच न्हाई ठावं. तुझा फोन ठिवला आन् मी आत गेले. तर त्यांनी इचारलं, निघाला का संगू? आता काय सांगू? सौदा चालू हाय म्हनले असते तर ते थांबले असते रे, त्यांला कळतंय ते. पन त्यांच्याकडं बघून मला थांबा म्हनवंना. मी म्हनलं, निघाला."

आत कुणीतरी पाणी मागत होतं. ती त्या आवाजाकडं कान देऊन थांबली, मग पुढं बोलू लागली.

"अर्ध्या घंट्यानं डोळं उघडलं, कुठवर आला? त्यांला नांदेडचा समदा रस्ता पाठ, भिताडावर घड्याळ. खोटंबी येळेत सांगावं लागून राहिलं. मी म्हनलं, लोहा सोडलंय. मग अहमदपूर. पुन्ना फोन कराया उठावं तर हात सोडीनात माझा. पावणेदोन झाले तवा म्हनलं, चाकूरला आलाय. आन् तिथं मी अडकले बग. चाकूरच्या म्होरं लातूरच, तिकडं तुला मला आनता येईना. म्होरं आनलं तर दारात हुबं करावं लागतंय. ते दाराकडं बघाया लागले असते. मग म्हनलं, चाकूरला जेवाया थांबलाय."

संगमेश्वरनं आईचा हात धरला.

"अडीच झाले तरी तू चाकूरलाच," आई म्हणाली. "माझ्या मनानं घेतलं, आता वळखतील, आता म्हनतील खोटं सांगून राहिलीस. तसं न्हाई म्हनले. 'उपाशी निघाला असंल गं,' म्हनले. 'जेवू दे त्याला. घाई करू नको म्हनावं.' मग न्हाई इचारलं त्यांनी."